हे अंशतः खरे आहे

माझी अर्धी नोकरी बेरोजगार मोजण्यात गेली आणि उरलेली अर्धी, ते किती आहेत या प्रश्नाला उत्तरं देण्यात. ही दोन कामं वेगळी आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळल्यावर मात्र मी दोन्हींत तरबेज झाले. रोजगार खात्यात थोडी वर्षं सातारा, बरीचशी सांगली अशी नोकरी झाली. आता निवृत्त होऊन पलूसला, माहेरच्या घराला लागूनच राहते. माझ्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं. ते म्हणायचे, गादीत कापूस किती घातलाय ते वरून दिसत नाही, झोपल्यावर कळतं. आमच्या खात्याच्या आकड्यांबद्दलही मला तसंच वाटत आलं, पण नोकरीत असताना हे बोलायची सोय नव्हती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकार घरोघर जाऊन रिकामी माणसं मोजत असेल. तशा पाहण्या होतात, पण त्या देशाच्या नाहीतर राज्याच्या. एखाद्या तालुक्याचा आकडा विचारला की सगळे आमच्याकडे बोट दाखवतात. आणि आमच्याकडे बेरोजगार म्हणजे ज्यानं स्वतः येऊन नाव नोंदवलं तो. पूर्वी त्याचं कार्ड मिळायचं, आता सगळं संकेतस्थळावर. आधार लागतं, मोबाइलवर ओटीपी येतो. ठरल्या मुदतीत नूतनीकरण केलं नाही की नाव चालू नोंदणीतून बाद. बाद झालेल्याला काम लागलं, की तो कंटाळला, की त्यानं मोबाइलचा नंबर बदलला, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडची बेरोजगारी जितकी घटली, त्यातली निम्मी रिचार्ज संपल्यामुळे घटली, असं मी डबा खाताना म्हणायचे. आमचे साहेब हसायचे आणि आधी दाराकडे बघून घ्यायचे.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. आपल्या भागात बेरोजगार म्हणवून घ्यायला कुणी तयार नसतं, त्यातून लग्नाचा मुलगा तर नाहीच. बिनकामाच्या पोराला कोण मुलगी देणार? म्हणून पोरगं घरात पंख्याखाली झोपलेलं असलं तरी आई सांगते, ते पुण्याला असतंय. एकदा फलटणकडचे एक मामा माझ्या टेबलाशी येऊन बसले. धोतर, टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं भाच्याला नोकरी लागली. मामा हळूच पुढं वाकले आणि एका मुलाचं नाव सांगून म्हणाले, ह्याचं नाव तुमच्यात हाय का, तेवढंच सांगा. भाचीसाठी स्थळ बघत होते. नाव आमच्या नोंदणीत निघालं असतं तर स्थळ गेलं असतं. ही माहिती देता येत नाही, असं मी सांगितलं. मामांनी पुडा तसाच उचलून पिशवीत टाकला. त्या स्थळाचं काय झालं कोण जाणे.

आता प्रश्नांचं सांगते. अधिवेशन लागलं की आमच्या कचेरीतली हवा बदलायची. आमदारांचा तारांकित प्रश्न मुंबईहून, नाहीतर हिवाळ्यात नागपूरहून, टेबलं उतरत उतरत आमच्यापर्यंत यायचा आणि बरोबर फोन यायचा, आज दुपारपर्यंत उत्तराचा मसुदा द्या. प्रश्नाचा साचा ठरलेला. एक, अमुक गोष्ट खरी आहे काय. दोन, असल्यास शासनानं काय केलं. तीन, नसल्यास विलंबाची कारणं काय. उत्तराचाही साचा ठरलेला. पहिल्या भागाला एकदा ‘हे खरे नाही’ लिहिलं की खालच्या सगळ्यांना एकच ओळ पुरते, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ विहिरीचं तोंड झाकलं की पाणी किती हा वादच उरत नाही, तसं. या कामात माझा हात बसला होता. मी लिहिलेला मसुदा कधी खुलासा मागत परत आला नाही, आणि याचा मला अभिमान होता हे लपवत नाही.

तो अभिमान ज्या प्रश्नानं थोडा उतरवला, तो एका तालुक्याबद्दलचा होता. तालुक्याचं नाव लिहीत नाही. पूर्वेकडचा, पाऊस ज्याच्या वेशीवरून परत फिरतो असा तालुका साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. तिथल्या एका गावाला सरकारचं प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं होतं. पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्ती, वेल्डिंग, मुलींसाठी शिलाईची यंत्रं. मंजुरीचं पत्र आलं आणि पुढं काहीच आलं नाही. त्याचा पाठपुरावा करायला दर दोन-तीन महिन्यांनी एक गृहस्थ आमच्याकडे यायचे. सर्जेराव पिसाळ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. बुटाला पॉलिश, टोपी गुडघ्यावर ठेवून ताठ बसायचे. गावच्या सोसायटीचं जुनं गोदाम त्यांनी केंद्रासाठी रिकामं करून घेतलं होतं आणि भिंतींना चुना स्वतःच्या हातानं दिला होता. मी चहा मागवला की म्हणायचे, चहा नंतर, आधी रिपोर्ट सांगा. रिपोर्ट कधीच नसायचा. मग ते चहा न घेताच जायचे.

डिसेंबरात प्रश्न आला. सदर तालुक्यात सुशिक्षित बेरोजगारांची संख्या वाढली आहे, हे खरे आहे काय. असल्यास, मंजूर केंद्र अद्याप सुरू न होण्याची कारणे काय. आणि ते केव्हा सुरू होणार. मी तालुक्याची चालू नोंदणी काढली. आदल्या वर्षीपेक्षा ती थोडी खाली आली होती. नवीन पडताळणीत ज्यांचे मोबाइल जुळले नाहीत ते सगळे गळाले होते. कागदावर तालुक्यातली पोरं कामाला लागली होती. म्हणजे उत्तर सरळ होतं. हे खरे नाही. दोन आणि तीन, प्रश्न उद्भवत नाही.

मसुदा घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब माझ्याहून वयानं लहान, शांत आणि सरळ माणूस. त्यांनी वाचला आणि सही न करता खाली ठेवला. म्हणाले, मॅडम, हे सभागृहात गेलं की केंद्रही गेलं. गरज नाही असं सरकारनंच सांगितल्यावर ते दुसऱ्या तालुक्याला द्यायचं टिपण वर तयारच आहे. मी म्हटलं, मग काय लिहू? नोंदणीत आहे तेच लिहिलंय. ते म्हणाले, नोंदणीत आहे तेच लिहायचं. मात्र माहिती बंद करायची, म्हणजे आकडा कायम धरायचा, उद्या दुपारी. तोवर नोंदणीत काय असेल ते बदलू शकतं.

मी बाहेर येऊन हवालदारांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘पोरं किती पायजेत?’’

‘‘जेवढी खरोखर रिकामी आहेत तेवढीच. एकही जास्त नको,’’ मी म्हटलं.

‘‘मग लय हायत,’’ ते म्हणाले, आणि जरा थांबून, ‘‘पर मॅडम, लग्नसराई हाय.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आमचा त्याच भागातला एक लिपिक लॅपटॉप घेऊन त्या गावात पोचलो. गोदामासमोर टेबल मांडलं होतं. चुना इतका पांढरा की उन्हात डोळे दिपत होते. पोरं आली होती, पण टेबलापाशी नाही. कुणी टपरीपाशी, कुणी पाण्याच्या टाकीच्या सावलीला, कुणी मोटरसायकलवर बसून उगाच आरशात बघत. भिंतीच्या कडेनं आया उभ्या होत्या. हवालदारांनी मोजक्या शब्दांत सांगितलं की आज दुपारपर्यंत नावं चढली नाहीत तर केंद्र जाणार, आणि गेलेलं परत येणार नाही. कुणी हाललं नाही.

मी समोरच्या एका बाईंना विचारलं, मावशी, तुमचा मुलगा काय करतो? त्या म्हणाल्या, आमचं पोरगं पुण्याला असतंय. ते पोरगं त्याच वेळी आमच्यासाठी पाण्याची घागर घेऊन टेबलाकडे येत होतं. सगळ्यांनी बघितलं आणि कुणी हसलं नाही. त्यानं घागर ठेवली आणि मान खाली घालून परत फिरलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. घड्याळ पुढं सरकत होतं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तालुक्याचा आकडा कालचाच होता.

मग मागून एक वयस्क गृहस्थ बोलले. ‘‘आवं हवालदार, नाव दिलं की पावणं माघारी फिरत्यात. तुमचं केंद्र हुईल कवा तरी. तवर पोराचं वय थांबतंय व्हय?’’

त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती.

हवालदारांनी मागं वळून बघितलं. तिकडे त्यांची बायको, सुशीलाबाई, दोन-तीन बायकांत उभी होती. त्यांच्या शेजारी एक बाई होती, हिरव्या पातळातली. ती कोण हे लिपिकानं माझ्या कानात सांगितलं. हवालदारांच्या मुलाचं, विक्रमचं, लग्न ठरत आलं होतं. येत्या रविवारी सुपारी होती. ही बाई नवरीची सख्खी मावशी, याच गावात दिलेली. मध्यस्थानं मुलीकडे सांगितलं होतं की मुलगा पुण्याला कंपनीत कायम आहे. हवालदार स्वतः तसं बोलले नव्हते, पण मध्यस्थ बोलला तेव्हा गप्प बसले होते. विक्रम कंपनीत होता हे खरं, पण कंत्राटावर. दिवाळीच्या आधी कंत्राट संपलं आणि तेव्हापासून तो घरीच होता. गावाला हे माहीत होतं. मावशीलाही बहुतेक माहीत असावं. पण माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत ऐकणं वेगळं. ऐकल्यावर तिला आपल्या बहिणीला कळवावंच लागणार होतं.

सुशीलाबाईंनी नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी. हवालदारांनी ती बघितली. मग ते ताठ झाले आणि परेडवर रांगेत बोलावताना देतात तसा, पण मोठा न करता, आवाज दिला. ‘‘विक्रम, फॉलिन.’’

टाकीपाशी उभा असलेला एक उंच, सडपातळ मुलगा टेबलाकडे चालत आला. वाटेत त्याच्यासाठी माणसं बाजूला झाली. मला त्या क्षणी लॅपटॉप बंद करून निघून यावंसं वाटलं. हे मी केलं होतं. माझ्या एका फोननं. पण मुलगा समोर उभा राहिला होता आणि संकेतस्थळावरच्या रकान्यांना दयामाया नसते. मी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, शिक्षण विचारलं. तो सांगत गेला. मग तो रकाना आला. मी आवाज खाली आणला, पण तिथं इतकी शांतता होती की काही उपयोग नव्हता.

‘‘सध्या काय काम करता?’’

त्यानं आईकडे बघितलं. मग हिरव्या पातळाकडे. मग सरळ माझ्याकडे.

‘‘काय न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘दिवाळीच्या आधीपासनं घरीच हाय.’’

सुशीलाबाई पदर सारखा करून घराकडे चालू लागल्या. नवरीची मावशी तिथंच उभी राहिली, खाली बघत. हवालदारांनी कुणाकडेच बघितलं नाही. त्यांची नजर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर होती आणि हात पँटच्या शिवणीला चिकटलेले. मला त्या माणसाचा राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम. मी पुढचं बटण दाबलं.

ओटीपी काही येईना. गावात नेटवर्क फक्त टाकीच्या जिन्यावर मिळायचं. विक्रम मोबाइल घेऊन धावत जिना चढला आणि वरून त्यानं आकडे ओरडून सांगितले. नोंद झाली. तोवर घागर आणलेला मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला होता. त्याच्या आईनं त्याला अडवलं नाही. त्याच्यामागं आणखी एक आला, मग मोटरसायकलवरचे उतरले. शेजारच्या वस्त्यांवर फोन गेले आणि तिकडून पोरं जीप भरून आली. मुलीही आल्या. डी.एड. झालेल्या, नर्सिंग अर्धवट सोडलेल्या. एक तर लग्न होऊन आलेली सून होती. सासूनं तिला पुढं ढकललं आणि म्हणाली, हिचं लग्न झालंय, हिला कसलं भ्या? तेवढ्यावर सगळे पहिल्यांदा हसले. जिन्यावर रांग लागली. वरून आकडे यायचे, खाली लिपिक घालायचा. मध्येच संकेतस्थळ अडकलं आणि रांग जिन्यावर तशीच थांबली. साहेबांचा फोन आला, नागपूरहून विचारतायत, किती वेळ? मी म्हटलं, थोडाच, साहेब, अजून थोडाच. माझा मसुदा वेळेत गेला नाही असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दुपार उलटायच्या आत आम्ही माहिती बंद केली. तालुक्याचा आकडा आदल्या वर्षीच्या वर गेला होता. एकही नाव खोटं नव्हतं. मी तिथंच, गोदामाच्या पायरीवर बसून, मसुदा लिहिला. (१) होय, हे खरे आहे. सगळ्या नोकरीत पहिल्या भागाला इतकं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच लिहीत होते. साहेबांनी तसंच वर पाठवलं.

पण उत्तर एका टेबलावर थांबत नाही. ते विभागाला गेलं, तिथून मुंबईला, तिथून नागपूरला. प्रत्येक टेबलावर एखादा शब्द वाढतो नाहीतर निघतो, आणि तसं करणाराही आपलं कामच करत असतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं होतं. छापून आलं तेव्हा उत्तर असं होतं: (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) केंद्र सुरू करण्याची बाब तपासण्यात येत आहे. केंद्र दुसऱ्या तालुक्याला गेलं नाही, हा एवढा नफा. तपासणं मात्र अजून चालू आहे. मी निवृत्त झाले तरी चालूच आहे, आणि गोदामाला कुलूपच आहे.

रविवारची सुपारी झाली नाही. मुलीकडून मध्यस्थाबरोबर निरोप आला, पोरगं चांगलं हाय, पर सध्या ऱ्हाऊ दे. मला हे लिपिकानं सांगितलं. त्या दिवशी मला डबा गेला नाही. दुसऱ्याच्या घरात आग लावून आपण कागद शेकून आलो, असं वाटत राहिलं. साहेब म्हणाले, मॅडम, लपवून लग्न झालं असतं तर पुढं काय झालं असतं? ते बरोबरच होतं. पण बरोबर असल्यानं मला काही बरं वाटलं नाही.

अधिवेशन संपल्यावर काही दिवसांनी हवालदार आले. नेहमीसारखेच. पॉलिश केलेले बूट, टोपी गुडघ्यावर. मी चहा मागवला. या वेळी ते नको म्हणाले नाहीत, पण कप तसाच समोर राहिला. खिशातून त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, टेबलावर पसरलं आणि एका शब्दाखाली बोट ठेवलं.

‘‘अंशतः म्हंजे किती, मॅडम?’’

मी समजावून सांगू लागले. प्रश्नातला काही भाग शासनाला मान्य असतो, काही मान्य नसतो, तेव्हा असं लिहायची पद्धत आहे. त्यात वावगं काही नाही. वाईटसुद्धा नाही, उलट चांगलंच आहे, ‘खरे नाही’ म्हटलं असतं तर सगळंच संपलं असतं. ते ऐकत होते, वरिष्ठाचं ऐकावं तसं, मध्ये न बोलता. माझं संपल्यावर त्यांनी मान हलवली.

‘‘ते समजलं,’’ ते म्हणाले. ‘‘माजं इचारणं येवढंच हाय. आमचा विक्रम खऱ्या भागात धरलाय, का दुसऱ्या?’’

मी पडद्याकडे बघितलं, कात्रणाकडे बघितलं. उत्तरात नावं नसतात. कोणता भाग कुणी मान्य केला आणि कुणी वगळला, हे मला कळायचा मार्ग नव्हता, विचारायची सोय तर त्याहून नव्हती. हवालदार वाट बघत होते. त्यांचे डोळे लाल दिसत होते.

‘‘खऱ्या भागात,’’ मी म्हटलं.

‘‘नक्की?’’

‘‘नक्की, हवालदारसाहेब. मीच धरलाय.’’

वरची मंजुरी न घेता दिलेलं, माझ्या सगळ्या नोकरीतलं ते एकच उत्तर. हवालदारांनी कात्रणाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला. मग गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि टोपी घालून उठले.

‘‘मग घरी तसं सांगतो,’’ ते म्हणाले. ‘‘त्याची आई रोज इचारती.’’